आधी श्वास, मग जखम

“नाव काय रे तुझं? नाम क्या है बेटा?”

ट्रॉली अजून दारातच असते. मागून दोघं-तिघं धावत आलेले. एकाच्या शर्टाला रक्त, दुसऱ्याच्या हातात जखमीची चप्पल आणि फुटका मोबाइल. ट्रकने उडवलं, लिंक रोडवर, हेल्मेट होतं, नव्हतं, असं सगळे एकदम सांगत असतात. कॅज्युअल्टीतली सिस्टर त्यांच्याकडे बघतही नाही. ती त्या पोराच्या तोंडाशी वाकून त्याला नाव विचारते. बघणाऱ्याला वाटतं, केस पेपर काढायचा असेल. नाव लिहिल्याशिवाय सरकारी दवाखान्यात पान हलत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं.

केस पेपर मागाहून निघतो. पोराने स्वच्छ आवाजात नाव सांगितलं, की त्या दोन सेकंदांत सिस्टरला चार गोष्टी कळतात. घशाची वाट मोकळी आहे. फुप्फुसात निदान बोलण्यापुरती हवा जाते आहे. मेंदूला रक्त पोचतंय. आणि प्रश्न समजून उत्तर देण्याइतका तो शुद्धीवर आहे. नाव घरघरत आलं, एकेका अक्षरामागे धाप लागली किंवा आलंच नाही, तर पुढची पाच मिनिटं कशी जाणार हेही तिथेच ठरतं. यंत्र नाही, खर्च नाही, फक्त कान.

त्या पोराचा पाय मांडीपासून वाकडा झालेला असतो, हाड बाहेर आलेलं असतं, आणि आणणाऱ्या सगळ्यांचे डोळे त्या पायावर खिळलेले असतात. सिस्टरचे डोळे तिथे खिळून चालत नाहीत. जखमी माणसाला सांभाळण्याच्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे: सगळ्यात भयंकर दिसणारी जखम आणि सगळ्यात आधी जीव घेणारी जखम या बहुधा वेगळ्या असतात.

गोवंडीत हे शास्त्र रोज कामाला लागतं. चेंबूरहून मानखुर्दकडे जाणारी हार्बर लाईन वस्तीच्या अंगाला घासून जाते. एका बाजूला देवनारचा कत्तलखाना, पुढे १९२७ पासून साचत आलेला कचऱ्याचा डोंगर आणि त्याच्याकडे जाणारे डंपर. मधून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड आणि २०२१ साली सुरू झालेला त्यावरचा उड्डाणपूल, म्हणजे ट्रक, कंटेनर आणि दोन सीटवर तिघं बसलेल्या बाइका. शिवाजी नगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांत घरं एकावर एक चढलेली आणि वरच्या खोलीला बाहेरून लावलेली उभी लोखंडी शिडी. ती शिडी हातात पाण्याची कळशी घेऊन उतरावी लागते. पावसाळ्यात त्या शिडीवरून पडलेलं मूल किंवा बाई ही रस्त्यावरच्या अपघाताइतकीच गंभीर केस असते, पण कुणी तिला ‘अपघात’ म्हणत नाही. “शिडीवरून पडली” एवढंच सांगतात, तेही दुसऱ्या दिवशी, पोट फुगल्यावर. गोवंडी, मानखुर्द, देवनार ज्यात येतात तो महापालिकेचा एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहराच्या तळाला होता. जखमांचंही तसंच आहे. जिथे रस्ता, घर आणि काम तिन्ही धोक्याची, तिथे त्या जास्त होतात.

रेल्वेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मुंबईच्या लोकलमार्गावर २०२३ साली अडीच हजारांवर माणसं मेली. त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना. रुळावरचा जखमी स्टेशन मास्तरच्या मेमोसकट येतो, हमालांच्या खांद्यावरच्या स्ट्रेचरवरून, आणि अनेकदा त्याच्यासोबत नातेवाईक नसतो. नाव विचारायचं तेही त्यालाच आणि उत्तर द्यायचं तेही त्यानेच. जवळ गोवंडीचं पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय, घाटकोपरला राजावाडी, आणि “जास्त लागलंय, सायनला न्या” असं कुणी म्हटलं की शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. हे तिन्ही पत्ते या भागातल्या रिक्षावाल्याला झोपेतही सांगता येतात.

आता आधी काय बघायचं, मग काय, हा क्रम कुठून आला ते पाहू. फेब्रुवारी १९७६. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाचा हाडांचा डॉक्टर स्वतःचं छोटं विमान चालवत घरी चालला होता. विमान शेतात कोसळलं. बायको जागीच गेली. चार मुलं जखमी, तीन बेशुद्ध. तो स्वतः जखमी अवस्थेत वाट दिसेल तिकडे जाऊन मदत घेऊन आला, पण जवळच्या छोट्या इस्पितळात पोचल्यावर त्याला जे दिसलं त्याने तो हादरला. कुणाला आधी बघायचं, कशाने सुरुवात करायची, मान कशी धरायची, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेतात उघड्यावर मी माझ्या मुलांची जेवढी काळजी घेतली तेवढीही इथे घेतली गेली नाही, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. सहकाऱ्यांना गोळा करून त्याने जखमींसाठीचा एक ठरलेला क्रम आणि शिकवणीचा वर्ग तयार केला. १९७८ साली पहिला वर्ग झाला. १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो आपलासा केला, आणि आज जगभरचे डॉक्टर तो ‘एटीएलएस’ या नावाने शिकतात. नर्सेससाठी त्याच धर्तीवर, पण त्यांच्या कामाला जुळणारा वेगळा अभ्यासक्रमही निघाला.

क्रम इंग्रजी मुळाक्षरांवर बसवला आहे, घाबरलेल्या माणसालाही आठवावा म्हणून. ए म्हणजे श्वासाची वाट, बी म्हणजे श्वास, सी म्हणजे रक्ताभिसरण, डी म्हणजे मेंदू, ई म्हणजे अंगावरचं सगळं काढून पाहणं. नियम असा की ए सुधारल्याशिवाय बीकडे जायचं नाही. कारण साधं आहे. वाट बंद झालेला माणूस काही मिनिटांत जातो, छाती बिघडलेला थोडा उशिरा, रक्त गमावणारा त्यानंतर. मृत्यू ज्या घाईने येतो त्याच घाईने तपासणी पुढे सरकते. याला एकच सूट आहे. धमनीतून रक्त कारंज्यासारखं उडत असेल, तर आधी तिच्यावर हात दाबा. ही सूट सैन्याच्या अनुभवातून आली आणि अलीकडे नागरी वर्गांतही ए च्या आधी शिकवली जाते.

वाट मोकळी करणं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बेशुद्ध माणूस पाठीवर पडला की जीभ मागे घसरते आणि घशावर झाकणासारखी बसते. साधारण बेशुद्ध पेशंटला हनुवटी उचलून मान मागे करतात. इथे ते करता येत नाही, कारण मानेचा मणका मोडला असेल तर त्या एका झटक्यात माणूस गळ्याखाली लुळा होईल. म्हणून सिस्टर डोक्याच्या बाजूला उभी राहते, दोन्ही तळवे गालांवर ठेवते, बोटं जबड्याच्या कोपऱ्यामागे अडकवते आणि जबडा वर, पुढे ढकलते. मान जागची हलत नाही. घरघर थांबते. मग सक्शनची नळी, रक्त, उलटी, तुटलेला दात. हे दिसायला किरकोळ आहे. पण ते हात सोडता येत नाहीत, आणि दुसरं कुणी येईपर्यंत तिच्या नाकावर घाम आला तरी तिला तो पुसता येत नाही.

त्यानंतर श्वास. इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. कुठलाही केस पेपर उघडून पाहा, नाडी आणि बीपीचे आकडे वेगवेगळे दिसतील, पण श्वासाचा आकडा बहुतेकांचा १८ किंवा २०. माणसं इतकी एकसारखी श्वास घेत नाहीत. तो आकडा मोजलेला नसतो, लिहिलेला असतो. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, म्हणूनच तो मोजला जात नाही. छातीकडे बघत घड्याळावर तीस सेकंद, मग दुप्पट. एवढ्या गर्दीत तीस सेकंद कुठून आणायचे, हा सिस्टरचा प्रश्न खरा आहे. पण मिनिटाला ३० च्या वर गेलेला श्वास बीपी पडण्याच्या कितीतरी आधी धोक्याची घंटा वाजवतो, आणि तिकडे कान न देणं हे शेवटी महागात पडतं.

मोजताना डोळे छातीच्या दोन्ही बाजूंवर. एक बाजू वर येते, दुसरी येत नाही. फुप्फुसाला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही, तेव्हा प्रत्येक श्वासाबरोबर आतला फुगा फुगत जातो, हृदयाला एका बाजूला दाबतो, हृदयाकडे परतणाऱ्या शिरा चेपतो. माणूस तडफडतो, निळा पडतो, मानेच्या शिरा तटतटतात. एक्स-रेची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. डॉक्टर काखेजवळ बरगड्यांमध्ये जाड सुई घालतो, फुस्स आवाज येतो, आणि दोन मिनिटांपूर्वी जाणारा माणूस पाणी मागू लागतो. ही सुई टोचण्याचं काम डॉक्टरचं. पण “सर, डावी बाजू हलत नाहीये” हे वाक्य बहुतेकदा सिस्टरचं असतं.

आता रक्त. सामान्य माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी धडधाकट तरुणात बाहेरून फारसं काही दिसत नाही. शरीर हातापायांच्या शिरा आवळतं, नाडी वाढवतं आणि बीपी जागच्या जागी धरून ठेवतं. बीपी खरोखर कोसळतं ते साधारण तिसरा हिस्सा गेल्यावर. म्हणजे “बीपी नॉर्मल आहे” या वाक्यावर विसंबणारा माणूस दीड लिटरने उशिरा जागा होतो. अनुभवी सिस्टर म्हणून आधी हात धरते. तळवा गार आहे का, चिकट घाम आहे का, नख दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का. शिवाय एक सोपा हिशेब: नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठू लागला, की प्रकरण गंभीर. नाडी १२०, बीपी ११०, हे कागदावर फार वाईट दिसत नाही. पण तो माणूस आतून रिकामा होतो आहे.

रक्त जातं कुठे? जमिनीवर दिसतं ते एक. बाकी चार जागा लपलेल्या: छाती, पोट, ओटीपोटाची हाडं, मांड्या. एका मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती लिटरभर किंवा जास्त रक्त साचू शकतं, आणि बाहेर थेंब येत नाही. ओटीपोटाचं हाड फाकलं असेल तर त्याहून जास्त. त्याला घट्ट बांधायचा खास पट्टा मिळतो. नसेल तर वॉर्डातली चादर दुमडून कमरेच्या खाली, मांडीचं हाड जिथे बाजूला टोचतं त्या पातळीवर, गुंडाळून पीळ देऊन बांधतात. कमरेवर बांधली तर उपयोग शून्य. चार बोटांच्या फरकाने तीच चादर जीव वाचवते किंवा नुसती चादर राहते.

पूर्वी अशा पेशंटला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावत. आकडे सुधारत आणि पेशंट मरत. कारण सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. ते प्राणवायू नेत नाही, रक्त गोठवत नाही, उलट उरलेलं रक्त पातळ करतं आणि थंडगार असेल तर अंगही गार करतं. गार पडलेल्या रक्ताची गुठळी होत नाही, गुठळी न झाल्याने ते आणखी वाहतं, वाहिल्याने अंग आणखी गार. या भोवऱ्यातून माणूस बाहेर काढणं फार कठीण. म्हणून आता सलाईन मोजकं, रक्त लवकर, आणि अंगावर ब्लँकेट. मुंबईच्या मे महिन्यात घामाघूम झालेल्या नातेवाइकांना सिस्टर जखमीवर ब्लँकेट का घालते आहे ते कळत नाही. “सिस्टर, पंखा लावा ना,” असं ते म्हणतात.

या ठिकाणी एका स्वस्त औषधाची गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीत फार रक्त जातं म्हणून अनेक बायका ज्या गोळ्या घेतात, त्यांच्यातलं औषध हेच. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं. उताकोबाईंच्या मनात होत्या बाळंतपणात रक्तस्राव होऊन जाणाऱ्या बायका. औषध गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी विरघळू देत नाही. २०१० साली ‘क्रॅश-२’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ४० देश, २० हजारांहून जास्त जखमी, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले. पण नंतर त्याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती नर्सच्या कामाशी थेट जोडलेली आहे: जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा. तीन तासांनंतर दिलं तर नुकसान होण्याची शक्यता. म्हणजे सुई भरण्याआधी सिस्टरला माहीत हवं, की हे घडलं किती वाजता. या प्रश्नाकडे आपण परत येऊ.

‘गोल्डन अवर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बाल्टिमोरच्या अ‍ॅडम्स काउली या सर्जनने तो रूढ केला. बरोबर साठ मिनिटांमागे ठोस आकडेवारी सापडत नाही. घाई करा, हे लोकांच्या डोक्यात ठसवायला तो आकडा उपयोगी पडला. ज्याची वाट बंद आहे त्याला तास नसतो, चार मिनिटं असतात.

मेंदूची तपासणी १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी आकड्यांत बसवली. डोळे उघडतो का, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो. सगळं ठीक असेल तर १५, काहीच नसेल तर ३. शून्य नाही, मेलेल्यालाही ३ मिळतात. ८ किंवा खाली आला तर वाट सांभाळण्यासाठी घशात नळी घालण्याची तयारी. पण माझ्या मते एका वेळेचा आकडा फारसा काही सांगत नाही. दहा वाजता १४ आणि साडेदहाला ११, हे मात्र सगळं सांगतं: कवटीत रक्त साचतंय, सीटी स्कॅन आत्ता, न्यूरोसर्जन आत्ता.

कॅज्युअल्टीतलं सगळ्यात घातक वाक्यही इथेच ऐकू येतं. “प्यायलाय, झोपू दे.” तोंडाला वास येतो, शिव्या देतो, कपडे ओढतो, सगळे वैतागलेले. कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर त्याला लावून ठेवतात. सकाळी तो उठत नाही. दारू प्यायलेला माणूस पडतोही जास्त आणि त्याचं डोकंही फुटतं. दारूने गुंगी येते तशीच ती मेंदूतल्या रक्तस्रावाने येते, साखर उतरल्यानेही येते. म्हणून बोटाला सुई टोचून साखर पाहायची, टॉर्चने दोन्ही बाहुल्या पाहायच्या, आणि वास येत असला तरी पेशंट बेशुद्ध आहे तो डोक्याच्या मारामुळेच, असं धरून चालायचं. चूक निघाली तर एक स्कॅन फुकट गेला. उलट्या बाजूची चूक दुरुस्त होत नाही.

शेवटी कपडे. कात्रीने, शिवणीच्या बाजूने, अंग न हलवता. कुणाची नवीकोरी जीन्स, कुणाचा बुरखा, कुणाची साडी. बाईमाणूस असेल तर आधी पडदा ओढायचा, जवळची कुणी असेल तर तिला आत घ्यायचं, काय करतोय ते सांगायचं, आणि बघून झालं की लगेच झाकायचं. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. लाजेपोटी न उघडलेल्या पाठीत चाकूची दुसरी जखम राहून गेल्याचे किस्से या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक आहेत. पाठ पाहण्यासाठी चौघं लागतात. डोकं धरणारा एक, तोच ‘एक-दोन-तीन’ म्हणतो, आणि बाकीचे त्याच्याच आकड्यावर माणसाला ओंडक्यासारखं एका रेषेत कुशीवर वळवतात. कापलेले कपडे फेकायचे नाहीत. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस आहे, पोलीस येणार. गोळी किंवा चाकूची केस असेल तर भोकाच्या जागेतून कात्री चालवायची नाही आणि कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, कारण प्लॅस्टिकमध्ये ओलं रक्त कुजतं.

मोठ्यांचे नियम सगळ्यांना लागू होत नाहीत. लहान मूल बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं, हळूहळू नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या आजोबांची नाडी वाढतच नाही. नेहमी १६० बीपी असणाऱ्याचं ११० हे ‘नॉर्मल’ नसतं. पोटुशी बाई सरळ पाठीवर झोपवली तर गर्भाशय मोठ्या शिरेवर बसतं आणि तिचं बीपी पडतं, म्हणून डाव्या कुशीला कलवायची.

आणि जखमी एकदम खूप आले तर? गोवंडीपासून लिंक रोडने घाटकोपरकडे गेलं, की रस्ता पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो, तो छेडा नगर. १३ मे २०२४ च्या सोमवारी दुपारी साडेचारच्या सुमारास वावटळ उठली, आणि तिथल्या पेट्रोल पंपावर साधारण १२० फूट लांब-रुंद जाहिरातफलक कोसळला. खाली पावसापासून आडोशाला थांबलेली माणसं, रिक्षा, गाड्या. १७ जण गेले, सत्तरहून अधिक जखमी झाले. खाली पेट्रोलच्या टाक्या, त्यामुळे लोखंड कापायला ठिणगी उडवणारी हत्यारं मोकळेपणी चालवता येईनात. शोधकार्य गुरुवारपर्यंत चाललं. राजावाडी रुग्णालय जवळच, बहुतेक जखमी तिथे गेले.

अशा दिवशी सगळे नियम उलटे होतात. एरवी सगळ्यात गंभीर पेशंटवर सगळी माणसं तुटून पडतात. एकदम पन्नास आले की कुणावर हात चालवायचा हे निवडावं लागतं. लाल, पिवळा, हिरवा, काळा. दारात एक अनुभवी माणूस उभा राहतो, प्रत्येकाला अर्धं मिनिट देतो. चालता येतं? हिरवा, त्या बाजूला बसा. श्वास ३० च्या वर? लाल. नखाचा रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त? लाल. साधी सूचना कळत नाही? लाल. वाट मोकळी करूनही श्वास नाही? काळा, आणि पुढे चला. हे शेवटचं फार अवघड असतं. शिवाय जगभरच्या मोठ्या अपघातांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. आधी येतात ते कमी लागलेले, आपल्या पायांनी, रिक्षाने, कुणाच्या बाइकवर. खरे गंभीर अजून ढिगाऱ्याखाली असतात. पहिल्या वीस मिनिटांत सगळ्या खाटा भरून टाकल्या, तर ते येतात तेव्हा जागा नसते.

तासन्‌तास लोखंडाखाली अडकलेल्या माणसाची आणखी एक गोम असते. तो बोलत असतो, पाणी मागतो, पाय दाबलेला असतो. वरचा भार उचलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दहा मिनिटांत त्याचं हृदय थांबलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना, १९४१ साली, एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने ढिगाऱ्यातून काढलेल्या अशा पेशंटांचं वर्णन केलं. चेपलेल्या स्नायूंत पोटॅशियम आणि स्नायूंचं रंगद्रव्य साठतं. भार हटताच ते रक्तात लोटतं. पोटॅशियम हृदय थांबवतं, रंगद्रव्य मूत्रपिंडं बुजवतं, लघवी काळ्या चहासारखी येते. म्हणून शक्य असेल तर भार उचलण्याआधीच सलाईन सुरू करायचं, आणि तेही साधं. रिंगर लॅक्टेटमध्ये थोडं पोटॅशियम असतं. नंतर ईसीजीच्या तारा, लघवीची नळी, आणि दर तासाला किती आली, कुठल्या रंगाची, याची नोंद. तासातासाला पिशवीकडे वाकून बघणारी सिस्टर त्या माणसाची किडनी वाचवत असते. तिचं छायाचित्र छापून येत नाही.

जखमींच्या नोंदी किती मोलाच्या, हे दाखवणारं कामही गोवंडीच्या शेजारीच झालं. अणुशक्ती नगरच्या बीएआरसी रुग्णालयातले सर्जन नोभोजित रॉय यांच्या पुढाकाराने २०१३ ते २०१५ या काळात शीव, केईएम, दिल्लीचं एम्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम या सरकारी रुग्णालयांत दाखल झालेल्या सोळा हजारांवर जखमींची पद्धतशीर नोंद झाली. तीस दिवसांत साधारण पाचातला एक दगावला होता. आपल्याकडे जखमींचं नेमकं काय होतं, याचं उत्तर अंदाजाऐवजी आकड्यांत मिळू लागलं, आणि त्या आकड्यांच्या तळाशी कुणीतरी मोजलेली नाडी आणि मोजलेला श्वास होता.

नर्सेसच्या अभ्यासक्रमात मुळाक्षरं ई वर थांबत नाहीत, जे पर्यंत जातात. एफ मध्ये नातेवाइकांना जवळ आणणं आहे, जी मध्ये वेदना कमी करणं. आणि शेवटच्या जे चा अर्थ आहे, पुन्हा तपासत राहा. स्कॅनला नेताना पुन्हा, वरच्या वॉर्डात सोपवताना पुन्हा, दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवायच्या आधी पुन्हा. ए पासून.

आता तुमच्यासाठी. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची अ‍ॅम्ब्युलन्स आहे, तिच्यात डॉक्टर असतो. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोलिसांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तसं कलमच घातलं गेलं. तेव्हा घाबरून निघून जाऊ नका. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, तळव्याने दाबा आणि उचलून बघत बसू नका. पाणी पाजू नका, भूल द्यावी लागेल. दोघांनी हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका. हळद, टूथपेस्ट, कॉफी, काही लावू नका.

आणि एक करा. ट्रॉली आत गेली, पोराने नाव सांगितलं किंवा नाही सांगितलं, की सिस्टर मान वर करून तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, “कधी झालं?” तेव्हा “आत्ताच” म्हणू नका. “मगाशी” म्हणू नका. त्याला रिक्षात घालण्याआधी मोबाइलवर वेळ बघून ठेवा आणि तेवढी तिला सांगा.